न धुतलेलं बनियन

"डागामागं नको धावू, डाग जाईल पाण्यानं,
मनातला मळ बाई, जातो खऱ्या बोलण्यानं..."

आई गायची. लोकांच्या चादरी दगडावर आपटता आपटता गायची, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक सणसणीत फटका चादरीला बसायचा. मी शेजारी बादलीत पाय बुडवून ऐकायचो. दुसरी ओळ माझ्या डोक्यावरून गेली. पहिली मात्र मी आयुष्यभरासाठी गाठीला बांधली. डाग जातो! कुठलाही जातो! फक्त धुणारा खमक्या हवा.

आणि मंडळी, आत्मस्तुती करायचा माझा स्वभाव नाही, म्हणून एवढंच सांगतो, की असा खमक्या जगात एकच आहे आणि तो मी आहे!

आमच्या शहरातल्या फुटबॉल क्लबची लॉन्ड्री माझ्या ताब्यात. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या तळघरात तीन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि टेबलामागे माझी बायको. वर मैदानात पोरं चिखलात म्हशींसारखी लोळतात आणि खाली माझ्या दोरीवर त्यांच्या जर्सी बगळ्यांच्या रांगेसारख्या डोलतात. गवताचा हिरवा, मातीचा काळा, रक्ताचा तांबडा, सगळे रंग माझ्यासमोर माना खाली घालून गटारात जातात!

तर यंदा देशादेशांची ती मोठी स्पर्धा आली. त्या स्पर्धेची गंमत माहीत आहे ना? सासरी एका चुलीवर गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या जावा माहेरी गेल्या, की जशा आपापल्या घराण्याची टिमकी वाजवायला लागतात, तसं या पोरांचं होतं. वर्षभर एका क्लबात गळ्यात गळे! स्पर्धा आली की प्रत्येकाला आपला देश आठवतो, आणि काल एका साबणाने अंघोळ केलेले दोघे उद्या एकमेकांच्या नडग्या फोडायला समोरासमोर उभे!

आमचा गोलकीपर, ज्याला सगळे खांब म्हणतात, तो आपल्या बलाढ्य देशाकडून खेळायला निघाला. आणि आमचा गोल मारणारा हुकमी गडी, नऊ नंबर, तो त्याच्या देशाकडून. त्याचा देश एवढासा, की नकाशात त्याचं नाव देशात मावत नाही, शेजारच्या समुद्रात छापतात! या स्पर्धेत त्या देशाची ही पहिलीच वेळ.

निघायच्या दिवशी नऊ नंबर खाली आला. त्याच्या हातात ते होतं.

ते म्हणजे बनियन. क्लबासाठी पहिला गोल मारला तेव्हा हे बनियन त्याच्या अंगात होतं, आणि तेव्हापासून त्याला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. सहा वर्षं! रंग तपकिरी म्हणावा तर तपकिरीचा अपमान. लॉन्ड्रीत त्याची खुंटी वेगळी. मॅनेजरसाहेबांनी मला एकदाच, पण डोळे वटारून बजावलं होतं, "त्या बनियनला पाणी लागलं, तर तुमचं इथलं दाणापाणी बंद!"

"काका, हे तुमच्या हवाली," नऊ नंबर म्हणाला.

"अरे, बरोबर ने की! एवढी मोठी स्पर्धा!"

"तिकडे छावणीत सगळ्यांचं सगळं एका मशिनीत कोंबतात हो. ऐकतंय कोण? या बाबतीत माझा सख्ख्या आईवर विश्वास नाही. ती हे बघितल्यावर पहिलं काय करील?"

"धुवील."

"बघा! म्हणून तुम्ही. तुमच्याइतका भरवशाचा माणूस नाही, काका."

इस्त्रीच्या टेबलाशी बायकोला जोरात ठसका लागला. मी तिला पाणी दिलं. वाफेने होतं असं कधी कधी.

पोरं गेली. क्लब ओस पडला. मशिनं गप्प, दोऱ्या रिकाम्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. रिकाम्या लॉन्ड्रीवाल्याने काय करावं? मी डाग काढायचा एक नवा लेप तयार केला. स्वतःच्या अकलेने! पण लेप लावायला डाग कुठे होता? सगळ्या तळघरात डाग एकच, आणि तो खुंटीवर लटकलेला.

बायको त्या दिवशी बहिणीकडे गेली होती.

मी फक्त कोपरा घेतला. खालचा. बोटाएवढा! निव्वळ प्रयोग म्हणून! लेप लावला, चोळला, आणि काय सांगू, कोपरा दुधाच्या दातासारखा चमकला. आता त्या कोपऱ्यामुळे शेजारचा भाग उगाचच मळका दिसायला लागला. म्हणून तोही जरा. मग डावीकडचं शुभ्र आणि उजवीकडचं काळं, हे डोळ्याला बरं दिसेना, म्हणून उजवीकडे जरासं. पोट झालं तर पाठीने काय घोडं मारलं होतं? पाणी काय झकास तपकिरी निघालं! सहा वर्षांचा घाम आणि सहा वर्षांची माती झुळझुळ चालली! वासही कसा ओळखीचा येत होता, पण कुठला ते काही आठवेना. मी हरखून आईचं गाणं म्हणायला लागलो. पहिली ओळ मी म्हणतो. दुसरी एरवी बायको म्हणते.

बनियन दोरीवर टाकलं, दोन पावलं मागे सरून कौतुकाने बघितलं, आणि तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं.

बायको परत आली ती दारातच थबकली.

"हे काय?"

"बनियन."

"ते दिसतंय. कुणाचं?"

मी खुंटीकडे बघितलं. तिने खुंटीकडे बघितलं. मग ती उपड्या बादलीवर बसली.

"अगं, त्यात काय एवढं!" मी म्हणालो. "तो यायला महिना आहे. तोवर धूळ बसेल, कोळी जाळी करतील. निसर्ग आपलं काम करील!"

निसर्गाच्या आधी फोन वाजला.

"काका," पलीकडून नऊ नंबर अगदी रडवेला, "दोन मॅच झाल्या. एक गोल नाही! पाय लाकडाचे झालेत. पुढची मॅच हरलो की घरी. सगळा देश दुकानं बंद करून टीव्हीसमोर बसलाय हो, माझी आजी चष्मा पुसत बसलीय. इथे छावणीत धुतलं गेलं तर गेलं, जिवापाड सांभाळीन, पण बनियन पाठवा! आणि समोर कोण आहे माहितीये? आपला खांब!"

"पाठवतो की," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण कुठून आला कोण जाणे.

आता माझी खरी पंचाईत! जन्मभर डाग काढले. डाग पाडायचा कसा, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं! मी मेव्हण्याला बोलावलं. तो सामान पोचवणाऱ्या कंपनीत गाडी चालवतो, पार्सल त्याच्याच हातून जाणार होतं. पण आधी त्याचा घाम हवा होता. सुटलेल्या बसमागे कधी न धावलेला हा माणूस ते बनियन चढवून प्रेक्षकांच्या पायऱ्या चढायला लागला.

"भावोजी, आला का घाम?" वरून त्याने ओरडून विचारलं.

"अजून चढ!"

"भावोजी, पायात गोळा आला!"

"गोळा नको रे, घाम हवा!"

शेवटी बनियन होतं तेवढंच पांढरं राहिलं, फक्त मेव्हण्याच्या पोटामुळे दोन बोटं रुंद झालं.

बायको भिंतीकडे बघत म्हणाली, "चहा. दोनदा उकळून कडक केलेला. त्यात चिमूटभर कोळशाची पूड. काखेत हात जरा सैल सोडायचा, पाठीवर आखडता. आणि आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून ठेवायचं, म्हणजे रंग धरतो. उन्हात नाही, सावलीत वाळवायचं."

मी थक्क झालो! बायकांना कसं बाई सुचतं एकेक!

"चहाचं ठीक आहे," मी म्हणालो, "पण तुरटीत भिजवायला वेळ कुणाला आहे? आणि कपड्यांतलं तू मला शिकवू नकोस. माझी हयात गेली त्यात!"

ती इस्त्रीकडे वळली. मी चहा उकळला, बनियन बुडवलं, पिळलं. अहाहा! हुबेहूब तेच! दोन्ही शेजारी ठेवली असती तर जन्मदात्या आईला ओळखू आलं नसतं. मेव्हणा पार्सल घेऊन लंगडत लंगडत गेला.

तेवढ्यात पुन्हा फोन. खांब!

"काका, पाठवताय म्हणे ते?"

"कुठलं?"

"काका, माझ्याशी नाटक? ते अंगात असलं की तो सैतानासारखा खेळतो. मी काय म्हणतो, पाठवण्याआधी एकदा... एकदाच... मशिनीत..."

"लाज नाही वाटत? मित्र ना तुझा?"

"मित्र क्लबात हो! इथे माझा देश आहे. आणि सहा वर्षं त्या बनियनच्या वासात बूट बांधतोय, काका. माझा काहीच हक्क नाही?"

मला दया आली. "जा, निश्चिंत खेळ," मी हळूच म्हणालो. "धुतलंय."

"खरंच? देव माणूस आहात!"

म्हणजे बघा, एकाला न धुतलेलं हवं होतं ते मिळालं, दुसऱ्याला धुतलेलं हवं होतं तेही मिळालं. एका बनियनमध्ये दोन देशांचं समाधान! राजदूतांना जमत नाही हे.

मॅचच्या दिवशी आम्ही टीव्ही मशिनीवर ठेवला आणि समोर बसलो. मी, बायको आणि पाय शेकत मेव्हणा. नऊ नंबर मैदानात आला. त्याच्या देशाची जर्सी पांढरीशुभ्र. चालताना त्याने छातीवर हात ठेवला, आतल्या बनियनवर. मला भरून आलं.

पहिल्या अर्ध्यात तो वाऱ्यासारखा पळाला. पळणार म्हणजे घाम येणार. मेव्हण्याला जो आला नाही, तो सगळा याला आला!

दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या काखेखाली एक तपकिरी ठिपका उमटला. ठिपक्याचा डाग झाला. डागाची नदी झाली आणि ती चड्डीकडे वाहायला लागली.

"जखम!" टीव्हीवरचा माणूस किंचाळला. "मोठा रक्तस्राव दिसतोय!"

पंचांनी शिट्टी फुंकली. डॉक्टर धावला. त्याने जर्सी वर केली, जखम शोधली, सापडेना. मग डागाला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. अख्ख्या जगाने बघितलं. त्याने वास घेतला. थांबला. पुन्हा घेतला.

"साखर घातली होती का?" मेव्हण्याने विचारलं.

"तुरटी," बायको एवढंच म्हणाली.

पंचांचा हुकूम झाला, बनियन काढा! नऊ नंबरने पंचांना हात जोडले. काही उपयोग झाला नाही. नवी जर्सी घालून तो उभा राहिला, सोललेल्या कांद्यासारखा. आणि नशीब कसं खट्याळ! पाचच मिनिटांत त्याच्या देशाला पेनल्टी मिळाली. मारणार नऊ नंबर. अडवणार खांब.

खांब हसला. नऊ नंबरने डोळे मिटले आणि लाथ घातली. चेंडू वरच्या दांडीवर धाडकन आपटला, उलटा आला, खाली पडलेल्या खांबाच्या पाठीवर टण्णकन उडाला आणि घरंगळत जाळ्यात!

एवढासा देश जिंकला! आणि गोल? तो लागला खांबाच्या नावावर! त्या देशात म्हणे आता बाळांना खांबाचं नाव ठेवतात. खांब अजून स्वतःच्या घरी गेलेला नाही.

पुढच्या मॅचला एवढासा देश सपाटून हरला. नऊ नंबरच्या नावावर गोल एकही नाही.

परत आल्यावर तो थेट खाली तळघरात आला. पिशवीतून बनियन काढलं आणि टेबलावर ठेवलं. ते आता पांढरंही नव्हतं नि तपकिरीही नव्हतं. आजारी मांजरासारखं दिसत होतं.

"काका, सहा वर्षं हे घामाने भिजलं, चिखलात लोळलं. कधी रंग सुटला नाही. या वेळी काय झालं?"

"तिकडची हवा," मी म्हणालो. "दमट असते फार."

"काका."

"शिवाय तिकडच्या पाण्यात क्षार..."

"काका, मी खेळणं सोडतोय," तो म्हणाला. थट्टा नव्हती ती. पोराचे डोळे विझले होते. "मॅनेजरना सांगायला वर चाललोय. माझ्यात काही नव्हतंच. जे होतं ते यात होतं, आणि ते गेलं."

मी तोंड उघडलं. चोख खोटं तोंडाशी आलं नाही आणि खरं बोलायची सवय नव्हती, म्हणून मिटलं.

तेवढ्यात इस्त्रीचा आवाज थांबला. आमच्याकडे तो आवाज सहसा थांबत नाही.

"यांनी तुरटी घातली नाही," बायको म्हणाली.

"तुरटी?"

"म्हणून सुटला रंग. मी घालायचे. माझा कधी सुटला नाही."

"तुझा?" हे मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. "तुझं खरं बनियन मी पहिल्याच मोसमात धुतलं रे. वासाने पोटात ढवळायचं. पाण्यातून काढलं तर हातात नुसती चाळण! यांची नोकरी जाईल म्हणून बाजारातून नवं आणलं आणि चहात बुडवलं. ते विरलं, तेव्हा आणखी एक. हे तिसरं."

सहा वर्षांचा घाम समजून ज्याच्यावर मी गाणी म्हटली, तो चहा होता! माझ्याच घरातला! मी रोज दोन कप पितो तो!

नऊ नंबरने टेबलावरचं ते आजारी मांजर हाताने उलटंपालटं केलं.

"म्हणजे काकू... ते सगळे गोल?"

बायकोने बनियन उचललं, त्याची लहानशी घडी घातली आणि पुसायच्या फडक्यांत ठेवून दिली.

"गोल तुझेच रे, बाळा," ती म्हणाली. "चहा तेवढा माझा."