तळ्यातली शर्यत आणि निळी बाटली

"पुण्यात रेसच्या गाड्यांची इंजिनं उघडलीत मी! माझ्यापुढं गाडी काढणारा उदगिरात अजून जन्मायचाय!" शरणप्पा मिस्त्री बॉनेटवर पाना आपटत म्हणाला.

पुण्यात चार वर्षं त्यानं इंजिनं उघडली नव्हती, दुसऱ्यांनी उघडलेली पुसली होती. पण गल्लीला ते कुठं ठाऊक!

२०१६चा उन्हाळा. तळं असं खडखडीत वाळलेलं, की त्यात मोटारींची शर्यत घ्यायची टूम निघाली. उदगीर जिल्हा होणार अशी हूल उठली होती. त्या आनंदात एका पुढाऱ्यानं जाहीर केलं, जिंकणाऱ्याच्या गल्लीला पाऊस पडेपर्यंत रोज एक टँकर!

गल्लीनं पंचाक्षरी मास्तरांची जुनी मोटार शरणप्पाच्या हवाली केली. त्यानं पुण्याहून नायट्रस गॅसचा वापरलेला संच मागवला. निळी बाटली, नळ्या, बटण.

"ह्यो गॅस आत गेला की आग भडकती," तो सांगायचा. "संगं पेट्रोल बी वाढवायचं, न्हाईतर पिस्टन वितळतोय. बटण दाबलं की गाडी गोळीवाणी!"

बाटली मात्र रिकामी आली. शरणप्पा नळ्या जोडण्यात गुंतलेला, म्हणून ती भरून आणायला मास्तर लातूरला गेले. संध्याकाळी भरलेली बाटली आली. ती ठेवून मास्तर चहालाही न थांबता घरी गेले.

"एकदा चालवून बघा की," शरणप्पाची बायको नीलम्मा म्हणाली.

"बघण्यात गॅस घालवू व्हय? तुला काय कळतंय त्यातलं!"

रविवारी चार जीपा आणि एक मोटार सुटल्या. अन् काय सांगावं! निम्म्या तळ्यात शरणप्पा दोन गाड्यांच्या अंतरानं पुढं! बांधावर बाया घागरी बडवत राहिलेल्या. बटणाची काही गरजच नव्हती. पण एवढी हौस दाबायची कशी? त्यानं बटण दाबलं.

फुस्स! म्हशीनं सुस्कारा टाकावा तसं झालं आणि इंजिन बंद! चारही जीपा धूळ उडवत पुढं गेल्या. जिंकला पुढाऱ्याचा भाचा. त्याच्या गल्लीत घरटी बोअर!

"मास्तर, कसला गॅस आणलाव?"

"नायट्रस म्हणजे दवाखान्यातला भुलीचा गॅस म्हणे, त्याला डॉक्टरची चिठ्ठी मागितली रे. रिकाम्या हातानं कसं यावं? शेजारी सोडावाला होता. म्हणाला, गॅस म्हंजे गॅस."

"आवं, सोड्याच्या गॅसनं आग विझती!"

"मला काय ठाऊक! मी मराठीचा मास्तर!"

गल्लीनं गाडी ढकलत घरी नेली. मास्तरांवर खापर फोडावं असं शरणप्पाला फार वाटत होतं. पण बटण कुणाच्या बोटानं दाबलं, ते सगळ्या बांधानं बघितलं होतं.

संध्याकाळी पुढाऱ्याचा माणूस उत्तेजनार्थ कप देऊन गेला. चांगला हातभर उंच, चकचकीत! शरणप्पानं तो नीलम्मापुढं ठेवला. तिनं आत बघितलं, उलटा केला.

"तळाला भोक हाय," ती म्हणाली, आणि घागर घेऊन निघाली.