मनोहररावांनी पुसलेला चिकटा

उमरेडला माहेरी निघताना काजलनं बाल्कनीतल्या तीन चिमुकल्या कुंड्यांकडे बोट दाखवलं. "मामाजी, सकाळी कुंडीखालच्या ताटलीत एसीतून गळलेलं पाणी टाकजा. बाकी हात लावू नका. उद्या येईपर्यंत हे नीट राहिलं, तर अर्धी बाल्कनी तुमच्या वांग्याले."

सासऱ्यांना, म्हणजे मनोहररावांना, आणखी काय हवं होतं? शेती धाकट्या मुलाकडे सोपवून ते शहरातल्या नंदनवन वस्तीत थोरल्याकडे, काजलच्या नवऱ्याकडे, साहिलकडे आले, तेव्हापासून हाताला माती नव्हती. आणि भाजी आणण्यापलीकडे या घरात त्यांच्यावर कुणी काही सोपवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून त्यांनी कुंड्या न्याहाळल्या. पानं चिकट, त्यावर मेलेली चिलटं. उभा जन्म कपाशीच्या पऱ्हाटीवर पाहिलेला चिकटा रोग! झाडं गेली तर वांगीही गेली. त्यांनी ओल्या फडक्यानं पान न् पान पुसलं आणि संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या साहिलला कौतुकानं दाखवलं.

साहिल कुंडीवर वाकला. "बाबा, तो रोग नव्हता. हे झाडं किडे खातेत. त्या चिकट्यानंच पकडतेत."

"मंग मले आधी काहून नाही सांगतलं गा?"

काजल ऑटोत बसल्याचा फोन येऊन गेला होता. साहिलनं डोकं लढवलं : साखरेचा पाक. मनोहररावांनी दोन बोटांत तार धरून पाहिली आणि कापसाच्या बोळ्यानं पाक पानापानाला लावला. पानं पहिल्यापेक्षा चकाकू लागली. दोघांच्या जिवात जीव आला, तोच कठड्यावरून मुंग्यांची रांग निघाली. झटकाव्या तर पानं तुटणार, ठेवाव्या तर चोरी उघडी पडणार. तेवढ्यात बेल वाजली.

काजल तडक बाल्कनीत गेली. खोटं बोलणं मनोहररावांना कधी जमलंच नव्हतं. चिकटा आपणच पुसला, असं त्यांनी सांगून टाकलं.

"त्यात काय, मामाजी? पावसानं धुतला तरी दोन-चार दिवसांत परत येते तो." तिनं पानाला लावलेलं बोट जिभेवर टेकवलं. "पण हा पाक कोनं लावला?"

मनोहररावांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं आभाळाकडे.

काजलनं मुंग्यांचा खडू आणून बाल्कनीच्या मधोमध रेघ ओढली. "हा भाग तुमचा, मामाजी. मुंग्याही तुमच्याच वाटणीत."

मनोहररावांनी आपली बाजू पावलांनी मोजली. मुंग्यांचं त्यांना काही वाटलं नाही. बिनकिडीचं वावर त्यांच्या वाट्याला आजवर कुठं आलं होतं?