गालांची लाली

"मूल झालं की हात गंजतो म्हणता ना? चार वाजता या आणि बघाच!" चिझुरूने फोनवर ओगाकीबाईंना ठणकावून सांगितलं.

ओगाकीबाई तिच्या गुरू. लाकडावर चित्र कोरायचं, रंग लावायचा आणि कागदावर ठसा उठवायचा, हे तिला शिकवलं त्यांनीच. शरदातल्या प्रदर्शनात भिंतीवर एकच जागा उरली होती. आज चित्र पसंत पडलं तर ती जागा चिझुरूची, नाहीतर पुन्हा वर्षभर लंगोट!

चित्र लेकीचं होतं. नऊ महिन्यांची मुगी, टकलू, बोळकी, गोधडीत गुरफटून झोपलेली. चेरीच्या फळीवर एकेक पापणी कोरताना चिझुरू श्वाससुद्धा हळू घ्यायची. न जाणो, लाकडातली मुगी जागी व्हायची! काळ्या रेषा बारा कागदांवर उठवून झाल्या होत्या. उरली होती फक्त गालांची लाली. मंजिष्ठेचा रंग, भाताची खळ आणि तांदळाएवढे दोन ठिपके. तासाभराचं काम!

दोनला मुगी झोपली. चिझुरूने फ्रिज उघडला. मुळ्याखालचा कप्पा रिकामा!

"आई, इथलं पुडकं कुठाय? ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं?"

सासूबाई, म्हणजे फुसाए, लढाई जिंकल्यासारख्या आल्या. "अगं, हाताने केलेला एवढा महागाचा कागद, नि चिंब! मुळ्याचं पाणी झिरपलं असणार. मी सगळे वाळवले."

"वाळवले?"

"लंगोटांशेजारी. वर इस्त्रीही फिरवली. बघ कसे पापडासारखे कडक झालेत!"

चिझुरूने फ्रिज धाडकन लावला. "अहो आई, ते मुद्दाम ओले ठेवले होते! ओला कागद पसरतो, त्या मापानेच पुढचे रंग बसतात. वाळला की आक्रसतो!"

"हात्तिच्या! मग भिजव की परत."

आणि सासूबाईंनी स्वतःच फवारा उचलला. इस्त्रीने शिस्त लावलेला कागद आता एका कडेने फुगला, दुसऱ्या कडेने रुसला. फळीतल्या मापाच्या खाचेत कोपरा बसवावा तर मधे पोट सुटे, पोट दाबावं तर कोपरा उठे. घड्याळ मात्र अजिबात रुसलं नव्हतं!

पहिल्या ठशात लाली कानावर आली.

"डास चावला म्हणावं," सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्यात पापणीवर.

"कुठेतरी मारामारी करून आलीय!"

"आई, तुम्ही बोलू नका!"

अकरा कागद वाया गेले. तेवढ्यात मुगीने भोकाड पसरलं. चिझुरूने तिला पाठीशी बांधलं, शेवटचा कागद फळीवर ठेवला आणि बांबूच्या सालीची चकती त्यावर घासायला घेतली. मुगीने मागून केसांची मूठ धरून हिसडा दिला. कागद सरकला. एक ठिपका थेट नाकाच्या शेंड्यावर, दुसरा टकलावर!

दारावरची घंटा वाजली.

ओगाकीबाईंनी चपला काढल्या, अकरा कागद एकामागून एक उलटले. बाराव्याला चष्मा चढवला.

"वा! काय म्हातारा उतरलाय! चार पेले साके रिचवून गाढ झोपलाय. नाकच सगळं सांगतंय! चिझुरू, भिंत तुझी!"

चिझुरूने तोंड उघडलं. पाठीवर तिची लाडकी आपली मूठ चघळत होती. चिझुरूने मनातल्या मनात लेकीची माफी मागितली आणि तोंड मिटलं.

"पण आहेत कोण हे?" बाईंनी विचारलं.

आपली चूक भरून काढायला टपलेल्या सासूबाई चटकन पुढे झाल्या. "आमचे हे!"

त्याच क्षणी मागच्या दाराने सासरेबुवा शेतातून आले. जन्मात बार्लीच्या चहापलीकडे काही न चाखलेला माणूस! ओगाकीबाईंनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"थोडी कमी करा हो," त्या कळवळून म्हणाल्या. "नातीकडे बघून तरी!"

सासरेबुवांनी हातातल्या कांद्याच्या पातीच्या जाडजूड जुडीकडे पाहिलं, आणि निमूटपणे त्यातली अर्धी बाईंच्या हातात ठेवली.