कोणाचो रे तू?

"कोणाचो रे तू? गाव खंयचो? बापाशीचा नाव काय?"

भर दुपारी शेजारच्या भिवातात्यांच्या खळ्यातून ही आरोळी उठली आणि मी उष्ट्या हाताने मधल्या दगडी गडग्यावरून पलीकडे उडी मारली. माझ्यामागून अर्धी वाडी आली. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात वल्हं. एकजण तर घाईत केरसुणी घेऊन आला होता. तात्यांनी भरदिवसा चोर धरला, अशी सगळ्यांची खात्री होती.

चोर कुठेच नव्हता. सारवलेल्या खळ्याच्या मधोमध एक कोबीचा गड्डा बसला होता आणि तात्या कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभे होते.

"बोलणा नाय बगा," तात्या आम्हाला म्हणाले. "मगासधरना विचारतंय, पण मेलो तोंड उघडीत नाय. आणि कपडे बगा किती घातल्यान! एकावर एक, एकावर एक. ज्येच्या मनात पाप नाय, तो इतके कपडे कित्याक घालीत?"

गड्डा तात्यांच्या मुलाने, शांतारामने, मुंबईहून बोटीने येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवला होता. बापाने काहीतरी नवीन खावं, एवढाच बिचाऱ्याचा हेतू. कोबी शेवटी गाईपुढे गेला. गाईनेही तोंड लावण्याआधी तात्यांची परवानगी घेतली म्हणतात. मी पाहिलं नाही, पण आमच्या आचरा गावात ते न मानणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

बाहेरच्या माणसांसाठी एक सांगायला हवं. आमच्या बाजूला वाटेत अनोळखी माणूस भेटला, तर "कसे आहात" वगैरे कोणी विचारत नाही. "कोणाचो रे तू?" असं विचारतात. मग त्याने घर सांगायचं, बाप सांगायचा, जमल्यास आजा सांगायचा. त्यात कुठेतरी नात्याचा धागा सापडतोच, आणि तो सापडला की गूळ-पाणी पुढे येतं. सगळा गाव हा प्रश्न माणसांना विचारी. तात्या तो जेवणालाही विचारीत.

"कुळीथ माका वळाखता," ते म्हणत. "त्येच्या आज्याक माज्या आज्यान पेरल्यान. बांगडो माज्या दारातसून ये-जा करता. सोलां आमच्याच रातांब्याची. उकड्या तांदळाची तर माज्या आधी घरात वस्ती. तुमचो ह्यो फ्लॉवर कोणाचो? सांगा ना! कोणाचो?"

फ्लॉवर कोणाचा हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नसे. त्यामुळे वाद तात्याच जिंकत.

या माणसाने तरुणपणी गलबतावर तांडेल म्हणून अर्धा समुद्र पालथा घातला होता. कराची पाहिली, कालिकत पाहिलं, बसरा पाहिला. पण जीभ मात्र आचऱ्याच्या बाहेर गेली नाही. निघताना ते तांदळाचं पोतं, सुक्या बांगड्यांची माळ आणि आमसोलांची बरणी घेऊन चढत. बसऱ्याच्या धक्क्यावर खजुराचे डोंगर रचलेले होते. त्यांतल्याच एका डोंगराला टेकून तात्यांनी पेज आणि भाजलेला बांगडा खाल्ला आणि खजूरवाला हातावर खजूर ठेवू लागला तेव्हा त्याला मालवणीत त्याच्या खजुराच्या बापाचं नाव विचारलं. बंदरात उतरून बाकीचे खलाशी खानावळीत जात, ओरडत-गात परत येत. तात्या गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, एकटेच आपल्या मडक्याजवळ बसलेले असत. "बरा वाटायचा," असं ते सांगत. पण हे सांगताना ते नेहमी दुसरीकडे बघत.

मालवणच्या बंदरात मासळीसाठी पहिल्यांदा बर्फ आला तेव्हा आम्ही तात्यांना मुद्दाम घेऊन गेलो. त्यांच्या तळहातावर एक खडा ठेवला. तात्यांनी त्याला डोळ्यांसमोर धरलं आणि रीतसर सुरुवात केली. कोणाचो, गाव खंयचो, आजोळ खंय. आजोळापर्यंत पोचेतो हातात नुसतं पाणी उरलं.

"बगलास?" तात्या विजयाने ओरडले. "बापाशीचा नाव विचारल्याबरोबर पळालो!"

एकदाच मी त्यांना कोंडीत पकडलं. म्हटलं, "तात्यानू, मिरचीसुद्धा आपली नाय. फिरंग्यांनी जहाजातसून आणल्यानी." तात्यांचा चेहरा असा झाला, की जणू घरात अर्धा जन्म काढलेला गडी परमुलखाचा हेर निघाला. त्यांनी मिरची सोडली नाही. मात्र त्या दिवसापासून मी समोर असलो की ते माझ्याकडे पाठ करून मिरची खात.

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि एका गणपतीच्या आधी शांताराम बोटीतून उतरला तो बायकोला घेऊनच.

तात्यांची बायको जाऊन वर्षं लोटली होती. घरात सून यावी म्हणून त्यांनी जामसंड्यापर्यंतच्या मुलींची चौकशी करून ठेवली होती. आणि पोराने परस्पर मुंबईत लग्न लावून घेतलं! मुलगी दिसायला साधी, हसरी, नाव कुसुम. शांतारामने खळ्यात उभं राहूनच एका दमात सांगून टाकलं, "बाबा, ही अनाथाश्रमात वाढली. हिच्या आईबापांचं नाव कोणालाच माहीत नाही. गावही माहीत नाही."

गडग्यावर बसलेल्या वाडीने माना पुढे काढल्या. ज्या माणसाने कोबीला सोडलं नाही, तो आता काय करणार? तात्यांनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि "पाय धुवा" एवढंच म्हणून ते गोठ्यात गेले. संध्याकाळपर्यंत गोठ्यातून बाहेर आले नाहीत. गाईशी काय बोलणं झालं ते गाईलाच ठाऊक.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. आमच्यात नव्या सुनेच्या हातचं भावकी जेवते. पहिला घास पंगतीतला सगळ्यांत वडील माणूस घेतो, आणि त्याने घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नाही. तो जेवला, तर सून घरची. तो पानावरून उठला, तर तिने चुलीकडे फिरकायचं नाही, आणि पुढचा जन्म पडवीत काढायचा. वडील माणूस होते स्वतः भिवातात्या. वाडीत कोणी पैजा लावल्या नाहीत, कारण तात्या जेवतील असं म्हणायला माणूसच मिळेना.

स्वयंपाकघराच्या दारात आवडीकाकी उभी होती. तात्यांच्या चुलतभावाची बायको. ही बाई नुसत्या वासावरून कोणाच्या घरी कालचं कालवण आहे ते सांगे. कुसुमला पदार्थ तिनेच पढवले होते: भात, वालीची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलांचं सार. पोरीने सगळं तसंच केलं, असं निदान दिसलं. पंगत बसली, पानं वाढून झाली, आणि शेवटी चुलीवरून थेट उतरवलेलं लालभडक सार पितळी वाट्यांतून पानापानावर आलं. लाल दिसलं म्हणजे सोलांचंच, असं सगळ्यांनी धरलं.

आवडीकाकीचं नाक वर झालं.

"ह्या सोलांचा नाय," ती म्हणाली.

"टोमॅटोचं आहे," कुसुम म्हणाली. "येताना चार आणले होते. आमच्याकडे सणाला हेच करतात."

ती सहज बोलून गेली. आश्रमात सणाला गोडाधोडाऐवजी जे मिळे, ते तिने सासरच्यांसाठी हौसेने केलं होतं. पण तिच्या तोंडून "आमच्याकडे" निघालं, आणि आवडीकाकीने तेवढंच उचललं.

"आमच्याकडे म्हणजे खंय गो?" काकी म्हणाली. "तू कोणाची? गाव खंयचो तुझो? बापाशीचा नाव काय?"

हत्यार तात्यांचंच, फक्त हात काकीचा. सगळी पंगत आता वाटीतल्या लाल पाण्याकडे बघत होती, आणि पोरीकडे कोणी बघत नव्हतं. कुसुमच्या हातातली पळी वरच राहिली. शांताराम उठायला लागला.

तेवढ्यात तात्यांनी वाटी उचलली. हुंगली नाही, साराला काही विचारलं नाही. डोळे मिटले आणि घशात ओतली. एका दमात, बुडासकट. मग ती रिकामी वाटी त्यांनी अशी आपटली, की अंगणातली कोंबडी माडावर चढली.

"आवडे!" तात्या गरजले. त्यांचा चेहरा सारापेक्षा लाल झाला होता. "तिका कित्याक विचारतंस? माका विचार!"

काकीही कच्ची नव्हती. "बरा, भावोजी, तुमकां विचारतंय. हिचो गाव खंयचो?"

"आचरा."

"बापाशीचा नाव?"

"भिवा."

"खंयचो भिवा?"

"ह्यो बसलो तुझ्यासमोर!"

काकीने हात नाचवला. "अगो बाय माझे! मगे ही शांतारामाची भयण झाली! भयणीशी लगीन लावून दिलास?"

"मगे शांतारामाक भायर काढा!" तात्या सुनेकडे हात करून ओरडले. "चेडू हयसरच रवतला!"

पंगतीत हशाचा जो स्फोट झाला, तो मिठबावापर्यंत ऐकू गेला. तिथल्या लोकांना गणपती एक दिवस आधी आले असं वाटलं. शांताराम अर्धवट उठलेला होता, तो तसाच ओणवा राहून हसत होता. आवडीकाकीसुद्धा दाराच्या चौकटीला धरून हलत होती. तात्यांच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पाहून मागच्या दारातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. म्हातारा गहिवरला, असं त्या एकमेकींना सांगू लागल्या.

"बगतंस काय? वाढ गो चेडवा!" तात्यांनी वाटी पुढे केली.

कुसुमने वाढलं. मग कोण थांबतो! वाट्या उचलल्या गेल्या, रिकाम्या झाल्या, पुन्हा पुढे आल्या. चार टोमॅटोंच्या त्या सारात किती वेळा पाणी वाढवलं ते तीच जाणे. शेवटी माणसांनी पातेल्याला भात पुसून खाल्ला आणि भात पुसता पुसता कल्हईसुद्धा खाल्ली. सर्वांत शेवटी आवडीकाकी आपली वाटी घेऊन गुपचूप आत गेली, आणि तीही लाल मिशी घेऊनच बाहेर आली. त्या संध्याकाळी कुसुमने घरातली चूल पेटवली, आणि पडवीकडे कोणी बोट दाखवलं नाही.

त्यानंतर तात्यांनी काय धुमाकूळ घातला म्हणून सांगू! विहिरीच्या कडेला माडांच्या आळ्यांमधून त्यांनी टोमॅटो लावले. आल्या-गेल्या माणसाला ते हाताला धरून तिकडे नेत आणि झाडं दाखवत. "वळख करून दितंय," ते म्हणत. "ह्ये आमच्या सुनेच्या म्हायारचे." लोक आधी हसले. पण पुढे पुढे वाडीतल्या बायका टोमॅटो मागायला येत, तेव्हा कुसुमलाच विचारत, "गो कुसुमा, तुझ्या म्हायारचे चार दी गो." आणि ती माहेरवाशिणीच्या तोऱ्यात ओटीत घालून देई. ज्या मुलीला गाव नव्हतं, तिचं माहेर विहिरीच्या काठावर चांगलं चार हात रुंद पसरलं होतं, आणि दर दोन महिन्यांनी त्याला नवी फळं धरत होती.

तात्यांचं बाकीचं मात्र होतं तसंच राहिलं. फ्लॉवरला त्यांनी मरेपर्यंत उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

एकदा संध्याकाळी ते टोमॅटोला पाणी घालत होते आणि मी गडग्यावर बसलो होतो. त्या पंगतीनंतर मनात राहून गेलेलं मी विचारलंच.

"तात्यानू, त्या पयल्या दिसाचा सार कसा लागला ओ?"

तात्यांनी कळशी पालथी केली.

"कढत होता रे," ते म्हणाले. "चव खंय कळली?"