ढगबाईंचं वर्तुळ

ढगबाईंनी उबवणपेटीतून काचेची बशी बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. हातात काहीतरी धरून कुठेतरी बघत राहणं ही त्यांची रोजचीच गोष्ट. ढगबाई हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. पण या खेपेला त्या खरोखरच हातातल्या वस्तूकडे बघत होत्या.

बशीत वाढत होते ते जीवाणू भलते निबर होते. एकामागून एक प्रतिजैविकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. रोज सकाळी बशी काढावी तर दुधावर साय धरावी तसा त्यांचा थर काठापासून काठापर्यंत पसरलेला असायचा. आज त्या सायीच्या मधोमध बटणाएवढं एक गोल, स्वच्छ वर्तुळ होतं. त्यात काहीच नव्हतं. धुरकट काचेवर कुणी अलगद बोट फिरवावं आणि पलीकडचं आभाळ दिसावं, तसं.

ढगबाई गेली कित्येक वर्षं सूज उतरवणाऱ्या वनस्पतींच्या मागे लागल्या होत्या. साली, मुळं, पानं, डिंक, शेवाळं, सगळ्यांचे अर्क काढून त्यांनी छोट्या बाटल्यांनी एक अख्खं कपाट भरलं होतं. सूज उतरवणाऱ्या या अर्कांपैकी एखादा या निबर मंडळींनाही नमवील का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आतापर्यंत प्रत्येक बाटलीने नाही म्हटलं होतं. शुक्रवारी समिती येणार होती आणि प्रकल्पाचा गाशा गुंडाळायचा, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं.

विभागप्रमुख धावत आले. त्यांनी बशी बघितली, चष्मा काढून बघितली, परत चष्मा लावून बघितली.

"बाई, हे काय केलंत तुम्ही! कुठला अर्क?"

"तेच तर, सर."

"तेच तर म्हणजे?"

"मला माहीत नाही."

"अहो, बशीवर लिहिलं असेल ना!"

बशीवर लिहिलं होतं. म्हणजे तारीख होती आणि तिच्यापुढे, अर्काचं नाव लिहायच्या जागी, पेनाने काढलेला एक छोटा पक्षी होता. पंख पसरलेला.

"काल दुपारी," ढगबाई आठवत आठवत म्हणाल्या, "समोरच्या छपरांवरून एक पांढरी पिशवी उडत चालली होती. वाऱ्याने वर जायची, थांबायची, जराशी वळायची. मला वाटलं, तिला वरून ही खिडकी केवढी दिसत असेल... ती दिसेनाशी झाली तेव्हा मी भानावर आले. तोवर बशी भरून झाली होती."

तेवढ्यात नियमबाई कचऱ्याचा डबा घेऊन आल्या. ढगबाईंच्या शेजारच्या टेबलावर त्या काम करत आणि प्रयोगशाळेचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते. "पिपेटची टोकं कमी पडली आहेत डब्यात," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "दर बाटलीला नवं टोक लावायचं असतं. यांनी एकच टोक दोन-तीन बाटल्यांत बुडवलं असणार."

"शी!" सर म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे मिश्रण! एकेकटा अर्क हरला, पण दोघांनी मिळून..." ते कपाटाकडे वळले आणि बाटल्यांची ती फौज बघून त्यांचा आवाज खाली आला. "कुठले दोन?"

"सगळ्या जोड्या करून बघू," नियमबाई म्हणाल्या.

"आधी कुठला, मग कुठला, किती थेंब? शुक्रवारपर्यंत?" सरांनी खोलीला दोन फेऱ्या मारल्या आणि थांबले. "बाई, एकच उपाय आहे. तुम्ही परत तंद्री लावा."

असा हुकूम आजवर कुणी कुणाला दिला नसेल. ढगबाईंना आयुष्यभर शाळेत, घरात, बँकेच्या रांगेत सगळ्यांनी भानावर ये, भानावर ये म्हणून हाका मारल्या होत्या. आता मात्र त्यांच्यासाठी खुर्ची खिडकीपाशी सरकवण्यात आली, कपाट उघडं ठेवण्यात आलं, पंखा मंद करण्यात आला. एकीकडे सर आणि एकीकडे नियमबाई श्वास रोखून उभे राहिले.

"लागली का?" सरांनी कुजबुजत विचारलं.

"नाही, सर."

थोड्या वेळाने, "आता?"

"लागत आली होती, सर. तुम्ही विचारलंत."

नियमबाईंनी प्लास्टिकची एक पिशवी खिडकीतून सोडून बघितली. ती सरळ खाली जाऊन कुणाच्यातरी स्कूटरवर बसली. ढगबाई टक्क जाग्या होत्या. इतक्या जाग्या त्या गेल्या कित्येक वर्षांत नव्हत्या. त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. इथे घड्याळ आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी सर काकुळतीला आले. "घरी कधी लागते हो तुम्हाला?"

ढगबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नवरा बोलायला लागला की."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलावण्यात आलं. तो इमारतींच्या गळत्या शोधून बंद करायचा. माणूस सालस, पण छत आणि ओल यांच्यापलीकडे त्याच्या बोलण्याची गाडी सहसा जात नसे. त्याला बाह्या आखूड पडणारा पांढरा अंगरखा घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं.

"काय बोलू?" त्याने संकोचून विचारलं.

"रोज घरी जे बोलता ते," सर म्हणाले. ढगबाईंना एकटीला ओशाळवाणं वाटू नये म्हणून त्यांनी आपल्यापुढेही एक बशी आणि पिपेट मांडून घेतलं होतं. "आम्ही आपापली कामं करत राहू. आमच्याकडे लक्षच देऊ नका."

नियमबाईंनी मोबाइल हातात धरून चित्रीकरण सुरू केलं, आणि नवऱ्याने घसा साफ केला.

"तर त्या इमारतीत पाणी तिसऱ्या मजल्यावर दिसायचं. आता माणसाला वाटतं, पाणी दिसतं तिथूनच येतं. पण तसं नसतं. पाणी फार हळू येतं. ते आधी भिंतीच्या पोटात शिरतं, तिथे बसून राहतं, आणि मग एखाद्या दिवशी..."

त्याचा आवाज संथ होता, पन्हळीतून थेंब पडावेत तसा. खोलीत दुपारचं ऊन तिरपं उतरलं होतं. उबवणपेटी घुं घुं करत होती. नियमबाईंची हनुवटी हळूहळू छातीकडे झुकली. सर उघड्या डोळ्यांनी कपाटाच्या पलीकडे, भिंतीच्या पलीकडे, फार लांब कुठेतरी बघू लागले.

ढगबाई मात्र कान देऊन ऐकत होत्या. तंद्री लागावी म्हणून त्या लक्ष देऊन ऐकायला बसल्या आणि तिथेच सगळं फिसकटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याचं वाक्य त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्यांना पुढचं ऐकावंसं वाटलं.

"मग पाणी येत कुठून होतं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

नवरा बोलायचा थांबला. त्याला असा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. सर दचकून जागे झाले.

"लागली का तंद्री?"

"नाही, सर. सॉरी."

सरांनी कपाळाला हात लावला, समोरची बशी उचलून उबवणपेटीत सरकवून दिली आणि दिवस संपला.

गुरुवारी सकाळी पेटी उघडली तर सरांच्या बशीत वर्तुळ होतं. ढगबाईंच्या वर्तुळाहून मोठं.

"मी काही केलं नाही!" सर ओरडले.

"टोक एकच वापरलंय," नियमबाई डब्यात बघत म्हणाल्या. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चित्रीकरण लावून बघितलं. त्यात सुरुवातीला सर होते, मग हळूहळू नियमबाईंचा गुडघा आला, आणि पुढे नुसतं छत, त्यावर नवऱ्याचा आवाज. ते बघता बघता दोघंही पुन्हा पेंगले. ढगबाईंनी मोबाइल बंद केला.

"त्या वेळी खोलीत जागं कोण होतं?" नियमबाईंनी डोळे चोळत विचारलं. "तुम्ही होतात ना?"

"होते. पण मी नवऱ्याकडे बघत होते," ढगबाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्या चक्क लाजल्या. "तो मात्र तुम्हा सगळ्यांकडे बघत होता."

नवऱ्याला पुन्हा आणलं. सरांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली. "आठवा. मी काय काय केलं?"

"आठवायचं काय त्यात? मी बोलायला लागलो की लोकांचं लक्ष नसतं. मग मी त्यांचे हात बघत बसतो. लोक काय काय करतात हातांनी! तर झालं असं, मी भिंतीच्या पोटातल्या पाण्याबद्दल सांगत होतो. आता भिंत म्हटली की विटांची वेगळी आणि दगडाची वेगळी..."

सरांनी स्वतःला चिमटा काढला. नियमबाई उठून उभ्या राहिल्या, बसल्या की संपलंच असतं. विटा झाल्या, दगड झाला, चुना झाला. सरांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"...तेवढ्यात साहेबांनी खालच्या खणातल्या त्या तपकिरी बाटलीतलं घेतलं."

"साल!" ढगबाई म्हणाल्या. "आणि मग?"

"मग तेच टोक हिरव्या झाकणाच्या बाटलीत."

"शेवाळ! थेंब किती?"

"सालीचा एक. शेवाळाचे दोन. मग ते गालातल्या गालात हसले आणि बशी झाकली."

बाटल्या उचलून सर आणि नियमबाई शेजारच्या खोलीत पळाले. शुक्रवारपर्यंत त्यांना झोप मिळणार नव्हती. समितीला दाखवायला ताज्या बश्या घालायच्या होत्या. ढगबाईही उठल्या, पण नवरा अजून बोलतच होता. श्रोते निघून जाण्याची त्याला सवय होती.

"...आणि उद्या सामान हलवायला माणसं येणार, ते एक लक्षात ठेव."

ढगबाई दारातून मागे फिरल्या. "कसलं सामान?"

"आपलं. नवीन घरी न्यायला."

"कुठलं नवीन घर?"

"अगं, महिनाभर सांगतोय. विचारलं तेव्हा हं म्हणालीस की." नवरा जरा गोंधळला. "तू बसमधून आपल्या थांब्यावर उतरायचं विसरतेस, शेवटच्या थांब्यावर जातेस आणि तिथून मला फोन करतेस. म्हटलं, घरच तिथे घेऊ. उतरलीस की समोर दार."

ढगबाई तशाच उभ्या राहिल्या. नवऱ्याला वाटलं, गेली पुन्हा. पण त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"खिडकी आहे?" त्यांनी विचारलं.

"मोठी आहे. समोर नुसतं आभाळ. तुला बघत बसायला बरं."

"आणि गळतं का ते घर?"

"थोडंसं," नवरा हळूच म्हणाला आणि त्याचा चेहरा खुलला. "मागच्या खोलीत, कोपऱ्यात. गंमत आहे त्याची. सांगू?"

शेजारच्या खोलीतून सर त्यांच्या नावाने हाका मारत होते. ढगबाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"सांग."