घरत लाईन सोडत नाही

१८ नोव्हेंबर. हातातलं काम: घरतला एक ओळ बदलायला लावणे. संध्याकाळी सहाच्या आत.

अनंत घरत, आमचा प्रोग्रामर, फोन ठेवत नाही. म्हणजे काम झालं, बोलणं संपलं, तरी ठेवत नाही. "ठेवू नका मॅडम, लाईन जिवंत राहू दे," असं म्हणतो आणि पलीकडे पोहे खायला लागतो. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकून मी त्याचे पोहे शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत ऐकलेले आहेत. का, तर सोडलेली लाईन परत लागेलच असं नाही.

बाकीही सगळं असंच. त्याचा न्हावी एकच, जुन्या पनवेलमधला. त्याला हल्ली नीट दिसत नाही. घरतच्या डाव्या कानामागे पाहिलं की ते कळतं. टपरीवर दुसरा चहा हवा असला तरी हा पहिला ग्लास परत देत नाही. त्यातच ओतून घेतो.

खांदा कॉलनीत एका दातांच्या दवाखान्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. कंटेनर बंदरातून न्यायला सुटला का, हे तिकडच्या सर्व्हरला विचारायचं आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर कळवायचं, एवढंच आमचं सॉफ्टवेअर करतं. प्रोग्राममधला जो भाग हे विचारतो त्याला क्लायंट म्हणतात. पूर्वी प्रत्येक प्रश्नासाठी नवा क्लायंट तयार व्हायचा, नवी लाईन उघडायचा, आणि दुपारपर्यंत मशीन उघड्या लाईनींनी तुंबून बंद पडायचं. घरतने ते थांबवलं. क्लायंट एकच, प्रोग्राम सुरू होताना जन्मलेला. ज्याला लागेल त्याच्या हातात प्रोग्रामच तो आयता देणार, कोणी आपापला बनवायचा नाही. याला डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात आणि घरतने ते फार नेटकं केलं होतं. फक्त धरलेली लाईन किती वेळ धरायची, या जागी त्याने लिहिलं होतं: कायम.

त्या सकाळी पाटीलशेठचा फोन आला. आमचं निम्मं काम त्यांच्या गाड्यांचं.

"मॅडम, गेटवरचा मानूस बोलतो कंटेनर सुटला हाय, तुमचा मोबाइल बोलतो नाय सुटला. आमी कोनाचा ऐकायचा?"

"बघते, शेठ."

"बघा. सहापर्यंत बघा. मंग आमी दुसरा कोन तरी बघतो."

शेठ गेले तर ऑफिसातली निम्मी माणसं घरी पाठवावी लागणार, आणि कोणती ते मलाच सांगावं लागणार.

मी तोच प्रोग्राम माझ्या कॉम्प्युटरवर नव्याने सुरू केला, तोच कंटेनर नंबर टाकला. उत्तर: सुटला. घरतकडे आधीपासून चालू असलेल्यावर: नाही. मग बंदराकडच्या माणसाला फोन लावला. त्यांनी रात्रीतून सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवला होता. नाव तेच, त्यामागचा पत्ता नवा. जुनं मशीन मात्र चालूच होतं आणि विचारेल त्याला कालची माहिती देत होतं. घरतचा क्लायंट पावसाळ्यापासून त्याच लाईनवर बसलेला. पत्ता बदललाय का, हे विचारायची त्याच्यावर वेळच आली नव्हती.

"बंद करून चालू करू का?" घरत म्हणाला.

"आठवडाभर ते मशीनं हलवणार आहेत. रोज करणार? त्यापेक्षा ती ओळ बदला. क्लायंट तोच राहू दे. लाईन तेवढी दर पाच मिनिटांनी सोडायची, पत्ता विचारायचा, परत जोडायची."

"चालू लाईन सोडायची?" मी त्याला भरल्या ताटावरून उठवल्यासारखं त्याने पाहिलं. "मॅडम, ती तुटलेली नाहीये."

"नाही. चुकीच्या घरी लागलेली आहे."

"आणि परत लागलीच नाही तर?"

"तर बोंब मारेल, आपल्याला कळेल. आत्ता शांतपणे खोटं सांगतेय."

तो उठला, पाणी प्यायला, गॅलरीत जाऊन आला. म्हणाला, आधी तपासून बघू. चार वाजले. लाईन सोडायची, थांबायचं, जोडायची. "लागली," तो दरवेळी आश्चर्याने म्हणायचा. "मॅडम, परत लागली." माझं लक्ष घड्याळाकडे. पावणेसहाला त्याने ओळ बदलली आणि डोळे मिटून बटण दाबलं.

सहाला फोन वाजला. "चालला," शेठ म्हणाले. "पयली गाडी निघाली. पन दुपार गेली ना आमची."

"गेली, शेठ," मी म्हटलं आणि पर्स उचलली. घरत जागचा हलला नव्हता.

"मॅडम, पत्ता परत विचारला तर समोरच्याला काय वाटत असेल?"

"मशीनला काय वाटायचंय?"

"मशीनचं नाही म्हणत."

मग कळलं. त्याचं गाव विमानतळात गेलं. गावातच दिलेली थोरली बहीण नव्या प्लॉटवर राहायला गेली. वास्तुशांतीला बोलावलं होतं, हा गेला नाही. ताईचं जुनं घर पाडलेलं त्याने पाहिलं होतं, नवं बघवेना. त्यानंतर दोन भाऊबीजा गेल्या.

"आता पत्ता विचारायचा म्हणजे मी आलो नव्हतो हे कबूल करायचं."

"ते तिला माहीत आहे, घरत."

तो हसला नाही. नखाने टेबलाची कड खरवडत राहिला. माझी बस होती, मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीलशेठना फोन केला. आधी गाड्यांचं विचारलं, मग घरतच्या बहिणीचं; शेठही त्याच गावातून उठून नव्या प्लॉटवर गेलेले. "ती व्हय? आमच्या मागल्या गल्लीत. हिरवा गेट हाय." ऑफिसखाली घरत भेटला, त्याला वर जाऊ दिलं नाही. स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत पाव किलो पेढे त्यालाच घ्यायला लावले. तो वाटभर मला रस्ता सांगत होता, सगळा जुन्या गावाचा. मी ऐकला नाही. हिरव्या गेटापाशी उतरला आणि बेलकडे बघत उभाच राहिला.

बेल मी दाबली, आणि आतून चपलांचा आवाज आल्यावर स्कूटर वळवून ऑफिसला आले.