टिपणीसकाकूंकडचा लॅपटॉप

मे महिन्यातल्या एका सकाळी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलो आणि जागच्या जागी थिजलो. कुरडया आणि पापडांच्या मधोमध, मलमलच्या जुन्या पातळाखाली, एक उघडा लॅपटॉप ऊन खात पडला होता. पातळ इतकं विरलेलं की आतली बटणंसुद्धा दिसत होती. शेजारी टिपणीसकाकू कावळे हाकलायची काठी घेऊन बसल्या होत्या.

"काकू, हे काय?" माझा आवाज चिरकला.

"ऊन दाखवतेय. पावसाळ्याआधी दाखवलेलं बरं, नाहीतर बुरशी धरते."

"अहो, लॅपटॉप आहे तो! लोणचं नाही!"

"त्याला काय होतंय?"

हे काकूंचं पालुपद. गळका नळ असो, कुणाचा नवा जावई असो, त्याला काय होतंय! होत काहीच नसे, फक्त ऐकणाऱ्याचं रक्त आटायचं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आमच्या डोंबिवलीत लॅपटॉप डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधावा लागला असता. मी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी चढवायचो. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, शिंक आली तर बाहेर येऊन द्यायची. साहेबसुद्धा मोज्यांवर आत यायचे. अशा माणसाला कुरडयांच्या पंगतीत लॅपटॉप बघून काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

लॅपटॉप काकूंच्या एकुलत्या एका मुलाचा, नितीनचा. टिपणीसकाका गेल्यानंतर तो अमेरिकेहून महिनाभर येऊन राहिला होता. परत जाताना त्याची बॅग काही केल्या बंद होईना. काकूंनी भाजणी काढू दिली नाही, लॅपटॉप काढू दिला. "पुढच्या खेपेला नेईन, तोवर नीट सांभाळ," असं म्हणून तो गेला. तेव्हापासून काकूंना एकच घोर: नितीन येईपर्यंत याला काही होता कामा नये.

समोरच्या दारातला आणि कॉम्प्युटरवाला म्हणून मी त्याचा डॉक्टर. कोरड्या मऊ कापडाने पुसा, अधूनमधून चालू करून बघा, लाइट वरखाली होत असतील तर वायर काढून ठेवा, झाकणावर काही ठेवू नका. एवढं साधं पथ्य. काकू शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलवायच्या, आणि पुढच्याच आठवड्यात मला नवा धक्का द्यायच्या.

एकदा बघतो तर लॅपटॉप कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपात ठेवलेला. किडे होऊ नयेत म्हणून! एकदा त्याला उपड्या टोपलीवर ठेवून खालून ओवा-धूपाची धुरी चाललेली. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यासारखं मला झालं. आणि एका मंगळवारी तर त्याला दुपट्यात घेऊन टिटवाळ्याला गेल्या आणि गणपतीच्या पायावर घालून आल्या. "गुरुजी म्हणाले, बाळ कुठंय?" हे वर मलाच कौतुकाने सांगितलं. मी डोक्याला हात लावला.

बरं, एवढं करून गप्प बसावं ना? छे! दर रविवारी सकाळी नितीनचा फोन आला की हे सगळं स्वतःच्या तोंडाने त्याला सांगायच्या. तो तिकडून ओरडायचा, या इकडून "त्याला काय होतंय?" करायच्या. या बाईला साधी लपवाछपवीही जमत नाही म्हणून मी चिडायचो.

गणपती गेल्यानंतरच्या एका शनिवारी काकूंची हाक आली. बटण दाबलं तरी लॅपटॉप चालू होत नव्हता. मी प्लग बदलला, बॅटरी काढून परत घातली, उलटा केला, सुलटा केला. काही नाही.

"काकू, गेला हो हा."

काकू मटकन पलंगावर बसल्या. चेहरा पार उतरला. मला बघवेना.

"अहो, नितीनला आता त्याची गरजच नाहीये," मी बोलून गेलो. "गेल्या रविवारी तुमचा फोन मी उचलला ना, तेव्हा म्हणाला मला. जुना झालाय, टाकून द्यायला सांग."

"माहितीये मला. गेल्या दिवाळीतच सांगितलं त्याने."

"मग ते ऊन? तो पाला? टिटवाळा?"

"अरे अवी, आधी फोन आला की, बरी आहेस? हो. जेवलास? हो. संपलं. तिथलं मला कळत नाही आणि इथलं त्याच्याकडे काही उरलं नाही. मग बोलणार काय? ती धुरी मात्र खरंच चुकून दिली हो मी. सांगितलं तर काय ओरडला! आणि मग मला समजावत बसला, किती तरी वेळ. त्याचे पाढे चुकले की मी बसायचे ना, तसा."

"म्हणजे बाकीचं सगळं मुद्दाम?"

"तो घाबरेल, पण हा बिघडणार नाही, एवढंच चुकायचे रे." त्या लॅपटॉपकडे बघत राहिल्या. "आता काय बोलू त्याच्याशी?"

मी नुसताच प्लग काढघाल करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पेपर परत द्यायच्या निमित्ताने गेलो, तेवढ्यात फोन वाजला.

"हो, बरी आहे. तू जेवलास?"

मग शांतता. काकू रिसीव्हर कानाला लावून नुसत्या उभ्या. मला तिथे थांबवेना. मी दाराकडे वळलो.

"अरे नितीन," मागून आवाज आला, "तो लॅपटॉप ना, काल जरा चिकट लागला हाताला. म्हणून तुरटीच्या पाण्याने पुसून काढला चांगला."

रिसीव्हरमधली "आई!" ही किंकाळी मला दारापर्यंत ऐकू आली.

काकूंनी पायाने स्टूल पुढे ओढलं आणि ऐसपैस बसल्या.

"नाही रे, मला नाही कळलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."